दूरची ओळख

शहरांत नोकरी शोधावयाची, भाड्यानें जागा पाहावयाची किंवा रुग्णालयांत चांगला डॉक्टर गांठावयाचा, असा प्रसंग आला म्हणजे घरांत पहिला प्रश्न निघतो : तेथें आपल्या ओळखीचें कोणी आहे का? या प्रश्नामागें 'वशिला' हा बदनाम शब्द उभा असतो. परंतु वशिला हा ओळखीचा एक बिघडलेला प्रकार झाला. ओळख ही त्याहून पुष्कळ व्यापक गोष्ट आहे. अडल्या वेळीं कोणती ओळख कामीं येते, जवळची कीं दूरची, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. नातें जितकें घट्ट तितकी मदत मोठी, असें सारेच धरून चालतात.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ सालच्या लेखानें या समजुतीस धक्का दिला. बॉस्टनच्या एका उपनगरांत नुकती नोकरी बदललेल्या सुशिक्षित माणसांकडे त्यानें चौकशी केली. ओळखीतून ज्यांना नोकरीची बातमी लागली होती, त्यांपैकीं बातमी देणारा माणूस आठवड्यांतून दोनदां तरी भेटत असे, असें सांगणारे शेंकडा १७ च्या आंतच निघाले. वर्षांतून एकदां किंवा त्याहूनही क्वचित् भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले सुमारें २८ होते, आणि उरलेल्यांची ओळख या दोहोंच्या मधली. कारण उघड आहे. रोजच्या बैठकींतल्या मित्रांना जें ठाऊक असतें तें आपणांसही ठाऊक असतें. नवी बातमी येते ती दुसऱ्या बैठकींत बसणाऱ्याकडून.

अशा दूरच्या ओळखी किती लांब पोंचतात याची परीक्षा स्टॅन्ले मिल्ग्रॅम या मानसशास्त्रज्ञानें त्यापूर्वींच, १९६० नंतरच्या दशकांत, केली होती. नेब्रास्का व बॉस्टन येथील २९६ माणसांना त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें एक कागद दिला. तो मॅसॅच्युसेट्समधील एका शेअरदलालापर्यंत पोंचवावयाचा. पण पाठवावयाचा केवळ आपल्या चांगल्या ओळखीच्या माणसाकडे, त्यानें पुढें आपल्या ओळखीच्याकडे. ६४ कागद पोंचले, आणि मधल्या हातांची सरासरी पांचांहून किंचित् अधिक भरली. जग लहान आहे असें सांगतांना या प्रयोगाचा हवाला नेहमीं दिला जातो. वाटेंत राहिलेल्या २३२ कागदांची आठवण मात्र सहसा निघत नाहीं, आणि ती निघावयास हवी. ओळखीची सांखळी असणें वेगळें, तिचें टोंक हातीं लागणें वेगळें. शिवाय, पोंचलेल्या ६४ पैकीं १६ कागद त्या दलालाच्या गांवच्या एकाच कापडव्यापाऱ्याच्या हातून गेले. कांहीं माणसें अशीं चौरस्त्यावर बसलेलीं असतात.

हें परदेशचें म्हणून बाजूस ठेवण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत ओळखीचे दोन्ही प्रकार दिसून आले. रत्नागिरी, सातारा या भागांतून आलेला तरुण गांवकीच्या खोलीत उतरे. एकाच खोलीत अनेक बिऱ्हाडकरू. दिवसपाळीचे कामावर गेले कीं रात्रपाळीच्यांनीं तेथेंच पथारी टाकावी. गिरणींत चिकटवून देणारा जॉबरही पुष्कळदां गांवचा किंवा नात्यांतला असे. या घट्ट नात्यानें परक्या शहरांत माणसाला निवारा दिला, आजारपण काढलें, घरीं पैसे धाडण्याची सोय केली. त्याच नात्यानें जॉबरची दस्तुरी निमूटपणें भरावयासही लावली. आणि खोलींतले सारे गिरणींतच असल्यानें, १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला तेव्हां सारी खोली एकाच वेळीं बेकार झाली. पुष्कळांस गांवानें आधार दिला; दुसऱ्या धंद्याची वाट दाखविणारें माणूस त्या वर्तुळांत साहजिकच विरळा.

या कामगारांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांची कथा संपापूर्वींची आहे. महिनाभर उधारीवर जेवण द्यावयाचें, पगार झाल्यावर पैसे घ्यावयाचे. मधल्या दिवसांत वाण्याचें किंवा सावकाराचें देणें वाढे. सावकार परिचयाचा, बँक अपरिचित. शेजारीण कितीही जिवाभावाची असली तरी बँकेत तिचेंही कोणी ओळखीचें नसे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. गोवामुक्तीच्या चळवळीपासून कामगार चळवळीपर्यंत वावरलेल्या या बाईंचें गिरणगांवाबाहेरही येणें-जाणें होतें, आणि त्यांच्या खटपटीनें राष्ट्रीयीकृत बँकेचें कर्ज खानावळवालीपर्यंत पोंचलें. गहाण टाकावयास त्यांच्याजवळ कांहीं नव्हतें. तेव्हां गट करून शेजारणीच एकमेकींस जामीन राहिल्या.