शनिवारचा घाणा आणि वॉर्साचे 'डाकघर'



पेणकर आणि रोहेकर ही आडनावे ऐकून ती केवळ हिंदू घराण्यांची असावीत असा कोणाचा समज होत असेल, तर तो सोडून द्यावा. कारण पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजातही तीच आडनावे आढळतात. शनिवार हा त्यांचा धर्माने ठरविलेला विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. पेणेत 1863 साली त्यांनी बांधलेले सिनेगॉग आहे. आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ते जो मलिदा करतात त्यात आपलेच पोहे, खोबरे आणि गूळ असतो. वेगळेपण गावाच्या नजरेस आले खरे. पण त्याचे नाव पडले, फर्मान निघाले नाही.

त्याच धर्माच्या मुलांवर युरोपात मात्र फर्माने निघाली. भिंत घालून कोंडलेल्या वॉर्साच्या ज्यू वस्तीत, 18 जुलै 1942 रोजी, यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी रवींद्रनाथांच्या 'डाकघर' नाटकाचा प्रयोग केला. या नाटकात वैद्याच्या आज्ञेने खोलीत अडकलेला आजारी मुलगा अमल खिडकीतून दहीवाल्याला थांबवितो, त्याची आरोळी शिकवा म्हणून हट्ट धरतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. ज्यांना पोटभर भाकरी मिळत नव्हती, त्या मुलांच्या तोंडी बंगालमधील दहीवाल्याची ही आरोळी आली! ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्या जवळपास 200 मुलांना ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे नेण्यात आले. सुटकेची संधी नाकारून कोर्चाकही त्यांच्याबरोबर गेले.

अमल रस्त्यावरच्या माणसाला जातगोत विचारीत नाही. तू कुठून आलास, तुझे गाव किती दूर आहे, असे विचारतो. निरागसपणा म्हणजे अज्ञान नव्हे, तर परक्याविषयीचे हे निर्मळ कुतूहल होय. द्वेष मात्र प्रौढांनी शिकवावा लागतो, आणि त्याला कचेरी, दप्तर व शिक्का मिळाला की तो वंशसंहार होतो. पेण-रोह्याच्या मुलानेही शेजारचा घाणा आज का बंद, असे विचारलेच असेल. त्याला उत्तर मिळाले ते एवढेच, की आज त्यांचा शनिवार आहे.

1948 नंतर बेने इस्रायलांची बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते.