अप्पांची ‘उन्हाळी’ आणि एमआरआयमधली काळी रेघ



आज कोडिंग नाही, करिअर नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स तर अजिबात नाहीत. आज लघवीबद्दल बोलायचंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण आमच्या घरात हा विषय लाजेपोटी तीन महिने कुणी काढलाच नाही. त्याची किंमत काय पडली, तेच आज सांगणार आहे.

मी मिरजगावचा. तालुका कर्जत, म्हणजे रायगडातलं कर्जत नाही बरं का, आपलं नगर जिल्ह्यातलं. नगर-सोलापूर रस्त्याने गेला असाल तर आमचं गाव लागलं असेल. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गावाकडची शेती माझे चुलते बघतात. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. वय एकसष्ट, आणि चाळीस वर्षं बिडी.

दिवाळीनंतर एक दिवस अप्पांना लघवी लाल झाली. दुखलं नाही, आग नाही, ताप नाही. दोन दिवसांत आपोआप बंद झालं. काकूंना सांगितलं, तर काकू म्हणाल्या, “उन्हाळी लागली असंल.” मग धन्याचं पाणी, सब्जा, ताक. बरं वाटलं, कारण ते तसंही थांबणारच होतं. या आजाराची हीच तर खोड आहे. रक्त येतं, थांबतं आणि माणूस निवांत होतो.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त आलं, या वेळी गाठी गाठी. तेव्हा कुठे मला फोन. नगरला सोनोग्राफी केली. लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, गाठ दिसली. मी अप्पांना पुण्याला आणलं. तिथे बारीक दुर्बीण आत घालून डॉक्टरांनी गाठ डोळ्यांनी बघितली आणि म्हणाले, “ऑपरेशनच्या आधी एमआरआय करू.”

आणि मी काय केलं माहितीये? वाद घातला. म्हणालो, “डॉक्टर, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, गाठ आहे हे कळलंय. काढून टाका ना. आणखी एक बिल कशाला?” आपण इंजिनियर लोक ना, आपल्याला प्रत्येक ठिकाणी अनावश्यक स्टेप दिसते.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी कागदावर घराची भिंत काढली. आत प्लास्टर, त्यामागे विटा. म्हणाले, “पिशवीची भिंत अशीच असते. आतून पातळ अस्तर आणि त्यामागे स्नायूचा थर. गाठ प्लास्टरवरच आहे की विटांत शिरलीय, यावर पुढचं सगळं ठरतं.”

हा मुद्दा नीट ऐका, कारण सगळा एपिसोड यावर उभा आहे. गाठ अस्तरापुरती असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढतात आणि गरज पडली तर पिशवीत बीसीजीचं औषध सोडतात. हो, तेच बीसीजी जे लहानपणी टीबीची लस म्हणून दंडावर टोचतात. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ते बनवते. पिशवी शाबूत राहते. चारातले साधारण तीन रुग्ण या गटात असतात. पण गाठ स्नायूत शिरली असेल तर खेळच बदलतो. केमो आणि मग पूर्ण पिशवी काढणं, किंवा काही जणांना केमोसोबत रेडिएशन. इथे उशीर परवडत नाही.

पूर्वीपासूनची पद्धत अशी की आधी दुर्बिणीतून गाठ खरवडायची, तुकडा तपासणीला पाठवायचा आणि मग कळायचं. तुकड्यात स्नायू आलाच नाही, तर पुन्हा ऑपरेशन. यात आठवडे जातात. आणि खरवडल्यावर भिंत सुजते. मग एमआरआयमध्ये सूज कुठली आणि गाठ कुठली, हे ओळखणं अवघड होतं. म्हणून एमआरआय आधी करायचा, आणि आधी राहून गेलाच तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे.

आता एमआरआयला हे दिसतं कसं? आपल्या शरीरात पाणी, पाण्यात हायड्रोजन. नेहमीचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या आसपास. त्यात हायड्रोजनचे कण रेडिओ लहरींना उत्तर देतात आणि त्या उत्तरांचं चित्र बनतं. एक्स-रेचं रेडिएशन यात नाही.

पिशवीसाठी तीन प्रकारची चित्रं घेतात. पहिल्यात लघवी पांढरी दिसते आणि स्नायू काळ्या रेघेसारखा. रेघ सलग असेल तर दिलासा, तुटली असेल तर काळजी. दुसऱ्यात पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते बघतात. गाठीत पेशींची दाटी असते, आठवडे बाजारात बाईक अडकावी तसं पाणी तिथे अडकतं आणि ती जागा चमकते. तिसऱ्यात शिरेतून औषध देतात. गाठ ते लवकर शोषते, स्नायू जरा उशिरा.

एक गंमत सांगतो. अस्तरावरची गाठ कधी कधी देठावर उभी असते. दुसऱ्या चित्रात ती पाठीला बाक काढून चालणाऱ्या अळीसारखी दिसते. जपानमधल्या डॉक्टरांनी या खुणेला अळीचंच नाव दिलंय. मी अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हंजी आपल्या सोयाबीनवरची उंटअळी!” अगदी तीच. ती दिसली तर चांगलं, कारण देठ आहे म्हणजे गाठ बहुतेक वरवर आहे.

ही तिन्ही चित्रं बघून १ ते ५ गुण द्यायची पद्धत २०१८ साली आली. नाव व्हाय-रॅड्स. १ म्हणजे स्नायूत शिरल्याची शक्यता जवळपास नाही, ३ म्हणजे सांगता येत नाही, ५ म्हणजे शक्यता खूप जास्त.

आता तुम्ही विचाराल, अ‍ॅक्युरसी किती? २०२० मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून बघितली गेली. स्नायूत शिरलेल्या १०० गाठींपैकी साधारण ८३ एमआरआयने पकडल्या. न शिरलेल्या १०० पैकी साधारण ९० बरोबर ओळखल्या. म्हणजे चुकतंही. म्हणून तुकडा तपासणं सुटत नाही. पण सर्जनला कुठे, किती खोल जायचं हे आधीच कळतं.

आणि वेळ वाचतो. ब्रिटनमध्ये ब्लॅडरपाथ नावाची चाचणी झाली, १४३ रुग्णांवर. ज्यांची गाठ स्नायूत होती, त्यांना योग्य उपचार सुरू व्हायला जुन्या पद्धतीने ९८ दिवस लागत होते. एमआरआयच्या वाटेने ५३.

अप्पांच्या एमआरआयचा दिवस. आधी पाणी पाजलं आणि लघवीला जाऊ नका म्हणाले. पिशवी रिकामी असेल तर भिंत चुरगळून जाड दिसते, फार भरली तर माणूस चुळबुळ करतो आणि चित्र हलतं. तुमच्या घरच्यांना न्याल तेव्हा पेसमेकर, शरीरातली धातूची पट्टी, किडनीचा त्रास, सगळं आधीच सांगा. अर्ध्या-पाऊण तासाने अप्पा बाहेर आले आणि म्हणाले, “आत मळणी यंत्र चालू हाय का काय!”

रिपोर्टमध्ये ४ होता. काळी रेघ एका जागी तुटली होती. डॉक्टरांनी दुर्बिणीतून नेमक्या त्याच जागेचा खोल तुकडा घेतला. स्नायूत कॅन्सर. लगेच केमो, मग पिशवी काढली. आता पोटावर लघवीची थैली असते. अप्पा शेतात जातात, बिडी सुटलीय, आणि थैलीची लाज मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. दर काही महिन्यांनी तपासणी असते. प्रत्येक वेळी आमच्या पोटात गोळा येतो.

मी तो हिशोब अजून करत बसतो. त्या चाचणीत मशीनने ४५ दिवस वाचवले. आम्ही धन्याच्या पाण्यात नव्वद घालवले. तेव्हा रेघ सलग होती का? कुठलाही एमआरआय आता ते सांगू शकत नाही.

म्हणून दोनच गोष्टी. घरात कुणाच्याही लघवीत रक्त दिसलं, एकदाच दिसलं, दुखलं नाही, थांबलं, तरी डॉक्टरकडे न्या. बिडी, सिगारेट ओढणारा असेल तर त्याच आठवड्यात. आणि पिशवीत गाठ निघाली तर ऑपरेशनच्या आधी विचारा, “एमआरआयचा उपयोग होईल का?” खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात, त्यांना भेटा.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा जेवलात का, पाऊस आहे का, याच्यासोबत हेही विचारा. वडिलांना, काकांना. लाजतील, विषय बदलतील. तरी विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.