चिमणराव आणि गुंड्याभाऊ



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की मागण्यांची यादी बाहेर पडणार, अशी आपली समजूत असेल. ती यादी आज आम्ही घरीच ठेवून आलो आहोत. बोलायचे आहे ते ‘चिमणराव’ या मालिकेविषयी. आपल्यांतील तरुण मंडळींनी तिचे नावही ऐकले नसेल.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे काही वर्षांनी चिं. वि. जोशी यांचे हे दोन मानसपुत्र त्यावर आले. तसे १९४० सालीच ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांच्या रूपाने ते दिसले होते. पण बोलपटाला तिकीट लागे. हे फुकट घरात आले, तेही शेजाऱ्याच्या! मनोरीला आमच्या आळीत एकच संच. ओटीवर मुले, खिडकीशी बाया. खाडीच्या वाऱ्याने अँटेना हलली की एका चिमणरावाचे दोन होत.

दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कर्वे महापालिकेत अभियंते. नोकरी सांभाळून नाटक करणारे. प्रभावळकर पुढे ‘हसवाफसवी’त सहा भूमिका करते झाले, ‘लगे रहो मुन्नाभाई’त (२००६) गांधीजी झाले. आम्हांला मात्र तो भित्रा चिमणराव आणि सोटा घेतलेला त्याचा दांडगा भाऊच जवळचा. साहेबापुढे ज्याची बोबडी वळते असा माणूस आम्ही पुढे प्रत्येक कचेरीत पाहिला. त्याच्यामागे गुंड्याभाऊ उभा करणे, हाच आमचा धंदा झाला म्हणा ना!

आमच्या वडिलांनी ती मालिका पाहिली नाही. गिरणीत त्यांची दुसरी पाळी असे. मार्व्याची शेवटची तर चुके. रात्र अलीकडच्या काठावर काढून ते उजाडता घरी येत. चहा होईतो आम्ही त्यांना सारा खेळ करून दाखवीत असू. सोटा म्हणजे चुलीपुढचे लाकूड. डोळे मिटत असले तरी ते हसत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडिलांच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या, पण चिमणराव तेव्हा संपले होते. शिवाय दुसऱ्याच्या ओटीवर जाऊन बसायला ते लाजत. एका रात्री, घरात तांदूळ नसताना, ते आम्हांला म्हणाले, “तो सोटेवाला कर रे जरा.”

आम्ही लाकूड घेऊन उभे राहिलो.