शिदोरीची शर्यत



मी पुण्यात गाड्यांच्या बॅटरीवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. ते काम पाच मिनिटांत सांगायचं तर कंटाळवाणं होईल, म्हणून शर्यतीबद्दल बोलते. फॉर्म्युला वन सगळ्यांना माहीत आहे. विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत २०१४ मध्ये बीजिंगला सुरू झाली. तेव्हा एका बॅटरीवर शर्यत पुरी होत नसे. ड्रायव्हर मध्येच उतरून पळत दुसऱ्या गाडीत बसायचा! लोक हसले. २०१८च्या अखेरीस आलेल्या नव्या गाडीने ते थांबलं.

आवाज नाही ती कसली शर्यत, असं बरेच जण म्हणतात. मान्य. आपल्याकडे बैलगाडा शर्यतसुद्धा आरोळ्यांशिवाय होत नाही. वेगातही ती मागे आहे. मोनॅकोच्या त्याच रस्त्यांवर फॉर्म्युला वनची गाडी पात्रता फेरीत साधारण १ मिनिट १० ते १२ सेकंद घेते, फॉर्म्युला ईची जवळपास दीड मिनिट.

पण दोघींना शिदोरी किती मिळते ते बघा. फॉर्म्युला वनमध्ये २०१९ला इंधनाची मर्यादा ११० किलो झाली. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, तीच आपल्या वीजबिलावरची युनिट. म्हणजे तेराशेच्या वर युनिट झाली. २०२३च्या फॉर्म्युला ई गाडीला बॅटरीतून मिळत होती साडेअडतीस. सव्वातीन किलो पेट्रोल, स्कूटरच्या टाकीत मावेल एवढं! तिची शर्यत पाऊण तासाची, तिकडे तीनशे किलोमीटरची, हे खरं. तरी तफावत बघा.

एवढ्याशा शिदोरीत भागतं कसं? पेट्रोलचं उत्तमातलं उत्तम इंजिनही निम्म्याच्या आसपास ऊर्जा उष्णतेत घालवतं. मोटर फार थोडी घालवते. शिवाय वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि वीज परत बॅटरीत जाते. या गाडीच्या मागच्या चाकांना नेहमीच्या वापराचे हायड्रॉलिक ब्रेकच ठेवलेले नाहीत. शर्यतीत वापरलेल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास अशी परत मिळवलेली असते, असं संयोजक सांगतात. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आपण नववीत पाच मार्कांसाठी पाठ केला होता, बाईंना आठवत असेल.

म्हणून इथे गंमत अशी होते की पहिला नंबर महाग पडतो. पुढचा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने वीज वाचवतो. कित्येकदा शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत पुढे जायला कोणी फारसं उत्सुक नसतं.

सांगाडा आणि बॅटरी सगळ्या संघांना सारखीच मिळते. मागची मोटर, तिची यंत्रणा आणि सॉफ्टवेअर ज्याचं त्याचं. इथे माझ्यासारख्यांचा जीव अडकतो. बॅटरीत किती उरलं हे थेट मोजता येत नाही. टाकीत काडी घालून बघावं तसं इथे नाही. किती करंट आला-गेला, व्होल्टेज किती, तापमान काय, यावरून अंदाज बांधावा लागतो.

एप्रिल २०२१ मध्ये व्हॅलेन्सियाला हा हिशेब सगळ्यांसमोर फसला. पाऊस होता, पुन्हा पुन्हा सेफ्टी कार आली. तिच्यामागे हळू चालताना वीज वाचते, म्हणून नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी वापरायच्या ऊर्जेची मर्यादा कमी केली गेली. घड्याळात काही सेकंद उरले असताना सर्वांत पुढच्या अंतोनियो फेलिक्स द कोस्टाने रेषा ओलांडली आणि नियमानुसार एक फेरी वाढली. तेवढी वीज बहुतेकांकडे नव्हती. गाड्या रांगू लागल्या, काही थांबल्या. निक द व्रीस जिंकला. बरेच लोक याला तमाशा म्हणाले. मला ती शर्यत या खेळातली सर्वांत बोलकी वाटते.

आपल्याकडे ही शर्यत एकदाच झाली, हैदराबादला हुसेनसागरच्या काठी, ११ फेब्रुवारी २०२३ला. पुढच्या वर्षीची रद्द झाली. मुंबईची महिंद्रा कंपनी मात्र पहिल्या मोसमापासून यात आहे.

आता आपल्यातल्या गॅरेजवाल्या मित्रासाठी दोन शब्द. विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. ब्रेकही कमी झिजतात. तुझं काम घटणार, हे गोड बोलून लपवत नाही. टायर, सस्पेन्शन, बेअरिंग राहतील. माझा आक्षेप वेगळ्याच गोष्टीला आहे. शर्यतीत सॉफ्टवेअर गुप्त ठेवतात ते समजू शकतं, पण रस्त्यावरच्या गाडीच्या बॅटरीची माहिती कंपनीच्याच यंत्राला दिसावी आणि तुला दिसू नये, हे मला पटत नाही. ही कुलपं आमच्यासारखेच लोक लिहितात. मी हे ऑफिसातही बोलते. तिथे आत्तापर्यंत फक्त चहा मिळाला आहे.

पुण्यात आलास तर लॅपटॉपवर दाखवीन, बॅटरी म्हातारी झाली हे आकड्यांवरून कसं ओळखायचं. अजून कोणाला बघायचं असेल तर जेवणानंतर मी मागच्या वर्गात आहे.