बाटली आडवी करायची कोणी?

(जिल्हा मेळाव्यात भोर तालुक्यातून आलेल्या एका शेतकरी कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी भाताच्या मुलखातला माणूस. पुणे जिल्ह्यात भोर तालुका आहे आणि त्याला लागून वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात. तुमच्याकडे पावसाने डोळे वटारले की कापूस जातो, ज्वारी जाते. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो, भाटघर आणि नीरा देवघरची धरणे भरतात, आणि ते पाणी खाली दुसऱ्यांच्या उसाला जाते. हिशेब केला तर तुमच्या आणि आमच्या हातात शेवटी सारखेच उरते.

मला दारूबंदीवर बोलायला सांगितले आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी अकरा वर्षे दारू प्यालो. भाताचे पैसे प्यालो, एक दुभती म्हैस प्यालो, आणि पोरीच्या शाळेचे पैसेही प्यालो. गावातले देशीचे दुकान बंद करा, असा अर्ज घेऊन माझी कारभारीण दारोदार सह्या गोळा करीत होती, तेव्हा तो कागद तिच्या हातातून ओढून फाडणारा मीच. तेव्हा दारू वाईट की चांगली, हे मला कोणी सांगायला नको. प्रश्न वेगळा आहे. आजच्या काळात बंदी घालून दारू बंद होते का?

विकणारेही तेच, बंदी घालणारेही तेच

आधी हे बघू, की दारू सरकारच्या हातात गेली कशी. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. घरी मोहाची दारू गाळणारा आदिवासी त्या दिवशी गुन्हेगार झाला आणि मक्तेदार सावकार झाला. दारू कमी करणे हा त्या कायद्याचा हेतू नव्हता. गाळायची कोणी, विकायची कोणी आणि त्यातला पैसा कोणाच्या तिजोरीत जायचा, हे त्यात ठरले. दोनच वर्षांनी, १८८० साली, जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. १९०८ साली टिळकांच्या चळवळीत पुण्यात दारूच्या गुत्त्यांपुढे निदर्शने झाली. दोघांचे मार्ग वेगळे, पण बोट एकाच ठिकाणी होते : दुकान.

स्वराज्य आले. १९४८ साली भोर संस्थान विलीन झाले, १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजीभाई तेव्हा गृहमंत्री होते. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. पण झाले काय? आमच्याकडची जुनी माणसे सांगत, दुकान गेले आणि ओढ्याकाठी हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचे पिंप आणि रात्रीचा धूर. भट्टी लावणारा पाटलाला देई, पाटील वर देई. मुंबईत तर हातभट्टीच्या पैशावर गुंडांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. १९६० नंतरच्या दशकात सरकारने परवाने देऊन बंदी हळूहळू ढिली केली.

गंमत अशी, की तो कायदा रद्द झालेला नाही. कागदावर बघाल तर महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात तो आहे? कोणी हात वर करू नका! आणि दुसरीकडे, राज्याच्या तिजोरीत दारूवरच्या करातून वर्षाला २० हजार कोटींहून जास्त रुपये जमा होतात. एका हाताने बंदीचा कायदा धरायचा आणि दुसऱ्या हाताने गल्ला मोजायचा, हा खेळ सरकारला चांगला जमला आहे.

कोरड्या जिल्ह्यांनी काय शिकवले

तुम्ही म्हणाल, पुण्याकडचा माणूस आम्हाला वर्ध्याचे काय सांगणार? बरोबर आहे. गांधीजींचा आणि विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात पन्नास वर्षांपासून बंदी आहे. नदीच्या एका काठाला बंदी आणि दुसऱ्या काठाला दुकान. मग नदीवरचा पूल कशासाठी वापरला जातो, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

चंद्रपूरचे उदाहरण ताजे आहे. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, पायी मोर्चे काढले, आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाने ती उठवली. कारण दिले, की चोरटी विक्री वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला. चोरटी विक्री वाढली हे खरे असेल. पण ती रोखणे कोणाचे काम होते? ज्याने काम केले नाही त्यानेच निकाल दिला, की बंदी फसली.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तीही लोकांच्या चळवळीतून आली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग त्यात होते. तिथे चोरून दारू येत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण तिथे गावोगावच्या माणसांनी आणि बायकांनी हे काम आपले मानले, २०१६ पासून ‘मुक्तिपथ’च्या नावाने ते पुन्हा जोमाने चालले, आणि ती बंदी टिकली.

परराज्यात बघा. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका साक्षरतेच्या वर्गात बसता बसता उठल्या आणि त्यांनी गावातली अरकाची विक्री थांबवली. १९९३ साली अरक बंद झाला. १९९५ साली रामारावांनी संपूर्ण दारूबंदी केली आणि १९९७ साली ती उठली. बायकांनी मागितले होते, आमच्या दारातले दुकान हलवा. पुढाऱ्यांनी सगळ्या राज्याची बंदी जाहीर करून टाळ्या घेतल्या, आणि तिजोरी रिकामी होताच पाठ फिरवली.

विषारी दारूचे कोडेही नीट समजून घ्या. बिहारमध्ये २०१६ पासून बंदी आहे आणि तिथे डिसेंबर २०२२ मध्ये छपरा भागात विषारी दारूने माणसे मेली. बंदीविरोधक हे उदाहरण देतात. पण मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसे मेली, तिथे कुठे बंदी होती? परवान्याचे दुकान उघडे असताना माणूस विष पितो, कारण ते स्वस्त असते. २०१७ साली नगर जिल्ह्यातल्या पांगरमलला तर जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची दारू पिऊन माणसे मेली. मत मागायला आलेल्यांची दारू! म्हणून बंदी असली तरी गरीब मरतो आणि नसली तरी मरतो. नुसता हुकूम बदलून त्याचे मरण चुकत नाही.

आमच्या गावचा अनुभव

आता माझ्या गावाकडे येतो. २००८ साली सरकारने एक आदेश काढला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, की गुप्त मतदान घ्यायचे. चिठ्ठीवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते पडली, की दुकान बंद.

मी कागद फाडला. कारभारणीने दुसरा केला. मतदान झाले. आलेल्या बहुतेक बायकांनी बाटली आडवी केली, आणि तरी आम्ही हरलो. म्हणजे, त्या हरल्या. मी त्या दिवशी दुकानात बसून जिंकलो होतो. कारण काय? निम्मी मते मोजायची ती आलेल्या बायकांच्या नव्हे, यादीतल्या बायकांच्या. आमच्या भागातली निम्मी माणसे मुंबईला नाहीतर पुण्याला. यादीत लग्न होऊन गेलेल्या पोरी होत्या, मेलेल्या म्हाताऱ्या होत्या. जी आली नाही, तिचे मत उभ्या बाटलीच्या पदरात. दुकानदाराला प्रचार करायचीही गरज पडली नाही.

पुढच्या खेपेला बायका शहाण्या झाल्या. आधी मतदारयादी साफ करून घेतली. मुंबईच्या बायकांना जत्रेला आल्यावर सांगून ठेवले आणि मतदानाला गाडी करून आणले. दुकान बंद झाले.

तुमच्याकडे तर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका सहा सहा महिने गावात नसतात. त्या कोयता घेऊन गेलेल्या असताना मतदान लागले, तर तुम्ही हरलात म्हणून समजा. अर्ज असा द्या, की मतदान त्या परत आल्यावर पडेल.

दुकान बंद झाले म्हणून रामराज्य आले का? महिन्याभरात ओढ्याला हातभट्टी लागली. बायकांनी जाऊन पिंपे उलटी केली, ती पुन्हा लागली, पुन्हा उलटी केली. २०१६ साली ग्रामरक्षक दलाची तरतूद कायद्यात आली. दल कागदावर असले तर भट्टीवाला हसतो, आठवड्याला एकदा फिरले तर तो दुसऱ्या गावाला जातो.

आणि मी? दुसरे दुकान सहा किलोमीटरवर होते. मी तिथेही गेलो. पण रोज जाणे होईना. कधी गाडीत पेट्रोल नसे, कधी पाऊस, कधी कंटाळा. खरे सांगतो, दुकान बंद झाल्याने माझी दारू सुटली नाही. दुकान लांब गेल्याने ती रोजची राहिली नाही, आणि रोजची राहिली नाही म्हणून डॉक्टरकडे जाण्याइतकी शुद्ध आली. पुढचे काम औषधाने आणि माणसांनी केले. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, तशी केंद्रे तुमच्या जिल्ह्यातही लागतील. रोज पिणाऱ्याची एका दिवसात तोडली तर हात थरथरतात, झटके येतात, माणूस दगावतो सुद्धा. राळेगणसिद्धीत सुरुवातीला पिणाऱ्यांना खांबाला बांधत, हे अण्णा हजाऱ्यांनी स्वतः सांगितले आहे. मला ते मान्य नाही. मला खांबाला बांधले असते तर मी सुटून आधी दुकानात गेलो असतो.

मग मागायचे काय?

आमच्या राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येतात आणि गाडीत बाटली असते. ती कोणता कायदा अडवणार? शहरातल्या माणसाने घरात बसून काय प्यावे, हे ठरवायला मी आलेलो नाही. काळी पडलेली ज्वारी दारूच्या कारखान्याने घेतली तर तुम्ही विकू नये, असेही मी म्हणणार नाही. २००७ साली सरकारने धान्यापासून मद्यार्क काढायचे धोरण आणले तेव्हा नीती शिकवायला पुष्कळ जण आले, पण त्यांच्यापैकी भिजलेल्या ज्वारीला भाव द्यायला कोणी आला नाही.

आणखी एक. कास्तकाराने आत्महत्या केली, की साहेब लिहितो, ‘व्यसनी होता’. एका शब्दात कर्जही पुसले जाते आणि पडलेला भावही. लाख रुपयांची मदत अपात्र ठरते ती वेगळीच. म्हणून काही भाऊ दारूचा विषयच नको म्हणतात. मी म्हणतो, विषय आपणच काढला पाहिजे. कर्जाने माणूस दारूकडे जातो हे खरे, आणि दारूने कर्ज दुप्पट होते हेही खरे. भावाची लढाई लढायची तर शुद्धीवरची माणसे लागतात.

तेव्हा सगळ्या राज्यात बंदी करा म्हणून सरकारपुढे हात जोडू नका. ती वरून येते आणि वरच्यावर जाते. आपल्या गावात दुकान असावे की नसावे, याची किल्ली गावातल्या बायकांच्या हातात असू द्या. यादीतल्या मेलेल्या आणि गेलेल्या नावांमुळे हरणारे मतदान बदला, ही मागणी मात्र सरकारकडे जोरात करा. हजर बायकांतल्या निम्म्यांहून जास्त मते पुरे झाली पाहिजेत. तोवर गावी गेल्यावर पहिले काम मतदारयादी मागवण्याचे.

आणि भावांनो, एक तुमच्यासाठी. माझ्या कारभारणीने दुसरा कागद केला म्हणून मी आज इथे उभा आहे. उद्या तुमच्या घरातून कोणी असा कागद घेऊन निघाली, तर तो फाडू नका. जमले तर चार घरे तिच्याबरोबर फिरा.