सासूबाईंच्या तबकड्या



सासूबाईंची तबकड्यांची पेटी मी दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याला देणार होते. त्या असताना फोनो लागला, की मी मुद्दाम भांडी आपटीत असे. रडके गाणे, असे माझे मत! यंदा नातवाने किल्ली फिरवली, नवी सुई बसवली आणि पहिलीच तबकडी निघाली केसरबाई केरकरांची. लाखेची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. मैफलीत तासभर रंगायचा तो राग बाईंनी तेवढ्यात बसविलेला, एक स्वर वाया नाही. माझी पोळी तव्यावरच करपली.

१९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सोडली, त्यांतल्या सोनेरी तबकडीवर याच केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी त्या वारल्या. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज २०१२ साली ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला, आणि आमच्याकडे पेटी माळ्यावर धूळ खात!

एका तबकडीला तडा आहे. दर फेऱ्याला ‘टक्’ वाजते. ती पडली माझ्याच हातून. सासूबाईंना मी हे कधी सांगितले नाही. हल्ली तीही आम्ही लावतो.