पावसाळ्यातील पेठ

गावाची हवा नकाशावरून सांगता येते. परंतु गावाचा स्वभाव पाहावयाचा असेल, तर त्याच्या भर पेठेत, आणि तेही अडचणीच्या ऋतूत, जावे लागते.

महाबळेश्वरची पेठ बहुतेकांनी पाहिलेली असते ती उन्हाळ्यात. डॉ. साबणे रस्त्यावर मधाच्या बाटल्या, स्ट्रॉबेरीचा मुरांबा, चामडी चपला, भाजलेले चणे आणि त्यांतून रमतगमत हिंडणारी कुटुंबे, हे तिचे पाहुण्यांसाठी सजलेले रूप होय. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास, ही वसाहत उभी राहिली. म्हणून पेठेस माल्कम पेठ हे नाव पडले. पुढे गव्हर्नरांची स्वारी उन्हाळ्यात येथे येई व पावसाळ्यासाठी पुण्यास गणेशखिंडीत जाई. साहेब उतरून जात. पेठकरी मात्र जागीच राहत.

पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरी एकट्या जुलैत त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, तेव्हा नुसते छप्पर पुरत नाही. भिंतीसही पांघरूण लागते. यास्तव पावसापूर्वी घरांना बाहेरून गवताची झडी बांधण्याची रीत पडली. आता पुष्कळ ठिकाणी पत्रा व प्लॅस्टिक आले आहे.

अशा हवेस तोंड देण्याची निराळी तऱ्हा जपानात, त्याच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ताकादा येथे दिसते. तेथे संकट बर्फाचे. २६ फेब्रुवारी १९४५ रोजी तेथे ३७७ सेंटिमीटर बर्फ साचले होते, म्हणजे दोन पुरुषांइतके उंच! तेथील जुन्या पेठांत प्रत्येक घराने रस्त्याकडील पडवी पुढे काढून शेजारच्या पडवीस जोडली आहे. या सलग वाटेस ‘गांगी’ म्हणतात. जागा घरमालकाची, डागडुजीही त्याचीच. चालण्याचा हक्क मात्र सर्वांचा. रस्ता बर्फाखाली गेला तरी शाळकरी मुले, म्हातारीकोतारी आणि गिऱ्हाइके तिच्याखालून निर्धास्त ये-जा करतात. एकाने पडवी मोडली, की वाट तेथेच तुटते.

झडीने घर राखले जाते. गांगीने वाटसरूही राखला जातो. आपल्या शहरांतील दुकानांनाही पडव्या आहेत. परंतु पुष्कळदा त्यांखाली माल मांडलेला असतो, आणि छत्री सावरीत म्हातारा माणूस मोटारींच्या रस्त्यावर उतरतो. दारापुढील चार हात जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावयास नगरपालिकेच्या नोटिशीची वाट कशाला पाहावी?